ती हलली होती का? अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींचं बास्केटबॉल समजून घेताना

६ एप्रिल २०२४, शनिवार, सकाळचे नऊ वाजत आले होते. पोह्यांवर झाकण ठेवून मी ओट्याला टेकून फोनकडे बघत उभी होते. तिकडे अमेरिकेत शुक्रवारची रात्र होती आणि क्लीव्हलंडमध्ये आयोवा विरुद्ध युकॉन, म्हणजे कनेटिकट विद्यापीठ, अशी उपांत्य लढत शेवटच्या मिनिटात आली होती. आयोवा ७०, युकॉन ६९. बॉल युकॉनच्या हातात. एक बास्केट पडली की आयोवाचा खेळ खलास. घड्याळात ३.९ सेकंद राहिले असताना शिट्टी वाजली आणि बॉल आयोवाला मिळाला.

फोनच्या पलीकडे माझी मामेबहीण किंचाळली. ती आयोवा सिटीत राहते. इथे प्रक्षेपण मिळालं नाही की ती व्हिडिओ कॉल करून फोन टीव्हीसमोर टेकवून ठेवते. त्यामुळे मला अर्धा सामना दिसतो आणि अर्धा तिच्या सोफ्याचा हात दिसतो. आई मागून डोकावली. "अगं, बॉल तर कोणी टाकलाच नाही. मग शिट्टी कसली?"

"मूव्हिंग स्क्रीन," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"ती हलली."

"खेळात हलायचं नाही तर काय करायचं?"

आईच्या या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर निम्मा खेळ समजावावा लागतो आणि बरीचशी स्पर्धाही. पोहे गार होईपर्यंत मी प्रयत्न केला, जमला नाही. म्हणून आता सवडीने लिहिते आहे. क्रिकेट सोडून दुसरं काही न बघणाऱ्यांनाही कळावं, एवढीच अपेक्षा.

आधी तक्ता

अमेरिकेत कॉलेजांचे खेळ चालवणारी मुख्य संस्था म्हणजे एनसीएए. तिच्या वरच्या श्रेणीत मुलींचे साडेतीनशेहून जास्त बास्केटबॉल संघ आहेत. हे संघ वेगवेगळ्या गटांत खेळतात, त्या गटांना तिथे कॉन्फरन्स म्हणतात. आपल्याकडच्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत जसे विभाग असतात तसंच, फक्त इथे भूगोलापेक्षा टीव्हीचा पैसा जास्त बोलतो. नोव्हेंबरपासून गटाबाहेरचे आणि गटातले सामने, मार्चच्या सुरुवातीला प्रत्येक गटाची स्वतःची बाद फेरी, आणि मग ६८ संघांची राष्ट्रीय बाद फेरी. हरलात की घरी. दुसरी संधी नाही, सरासरी नाही, नेट रनरेटची भानगड नाही.

६८ जण येतात कुठून? २०२५ मध्ये ३१ गटांचे विजेते थेट आले आणि उरलेले ३७ एका निवड समितीने निवडले. गटविजेत्यांचं एक गोड आहे. वर्षभर रडतखडत खेळलेला संघही शेवटच्या चार दिवसांत पेटला तर थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. खरी भांडणं होतात ती त्या ३७ जागांवरून, आणि त्याहून जास्त मानांकनावरून.

संघ चार विभागांत वाटले जातात आणि प्रत्येक विभागात १ ते १६ मानांकन असतं. पहिल्या फेरीत १ विरुद्ध १६, २ विरुद्ध १५, ३ विरुद्ध १४. बेरीज कायम १७, एवढं लक्षात ठेवलं की तक्ता वाचता येतो. (४ × १६ म्हणजे ६४. मग उरलेले चार? आठ संघांना आधी आपापसात भिडवून चार गाळतात.) चांगल्या मानांकनाचा अर्थ सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी, आणि त्याहून मोठा एक फायदा, ज्याच्याकडे मी पुढे येते.

मानांकन जाहीर होतं त्या रविवारी चाहत्यांचं पहिलं काम म्हणजे चिडणं. समिती संघाची हार-जीत बघते, कोणाशी खेळून जिंकलात ते बघते, एका संगणकीय क्रमवारीचा आधार घेते आणि मग शेवटी माणसंच बसून ठरवतात. माणसं ठरवतात म्हटल्यावर वाद आलाच. २०२५ मध्ये युकॉनला आपल्या विभागात दुसरं मानांकन मिळालं, त्यांचे चाहते कुरकुरले. नेहमीची रड म्हणून मी सोडून दिलं. पुढे युकॉनने पहिलं मानांकन मिळालेल्या तीन संघांना ओळीने हरवलं: यूएससीला ७८-६४, एकूणात अव्वल ठरलेल्या यूसीएलएला ८५-५१ आणि अंतिम सामन्यात साउथ कॅरोलायनाला ८२-५९. कुरकुर रास्त होती, हे मान्य करायला मला तीन आठवडे लागले.

या तक्त्यावर लोक आपापली भाकितं लिहितात. ऑफिसात, घरात, शाळेत पैजा लागतात. ६४ संघांपासून विजेत्यापर्यंत ६३ सामने होतात आणि प्रत्येकाचे दोन निकाल शक्य असतात, म्हणजे दोनाचा ६३वा घात. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात तांदळाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, ही गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. शेवटच्या चौसष्टाव्या घरात जेवढे दाणे येतात, बरोबर तेवढी ही संख्या. एकं, दहं, शतं म्हणत आजोबा जिथे थांबायचे त्या परार्धात मोजली तर ९२ परार्धांच्या वर जाते. परार्ध हा शब्द पाठांतराबाहेर कुठे वापरायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

अर्थात सगळे सामने छापा-काटा नसतात. मुलींच्या स्पर्धेत तर नाहीतच.

घरचं अंगण

मुलांच्या स्पर्धेत सगळे सामने त्रयस्थ ठिकाणी होतात. मुलींच्यात पहिल्या दोन फेऱ्या वरच्या १६ संघांच्या घरच्या कोर्टवर होतात. म्हणजे प्रत्येक विभागातल्या पहिल्या चार मानांकितांना आपलं मैदान, आपलं लॉकर, आपले प्रेक्षक आणि आपल्याच गादीवरची झोप. चांगल्या मानांकनाचा मोठा फायदा म्हणाले तो हा. बाहेरून आलेल्या संघाने बसमधून उतरायचं आणि दहा-पंधरा हजार माणसांच्या आरड्यात फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळालेले, कोणी न अडवता टाकायचे बॉल, टाकायचे.

ही पद्धत का, याचं उत्तर साधं आहे. त्रयस्थ ठिकाणी मुलींच्या सुरुवातीच्या सामन्यांना खुर्च्या रिकाम्या राहायच्या. घरच्या मैदानावर त्या भरतात, तिकिटं खपतात आणि टीव्हीवर गर्दी दिसते. किंमत मोजावी लागते ती न्यायाच्या खात्यातून. मला स्वतःला ही पद्धत अन्यायाची वाटते आणि तरीही ती बदलू नये असंच वाटतं. भरलेल्या सभागृहात खेळणं काय असतं हे ज्या मुलींना वर्षानुवर्षं मिळालं नव्हतं, त्यांना ते मिळतंय. पाहुण्या संघातल्या मुलींनाही मिळतं, गर्दी त्यांच्या विरोधात असली तरी.

याचा परिणाम असा की मुलींच्या स्पर्धेत पहिले चार दिवस बहुतेक निकाल अपेक्षेप्रमाणे लागतात. मुलांच्या स्पर्धेला चटावलेले लोक म्हणतात, यात मजा नाही, धक्के बसत नाहीत. धक्के कमी बसतात हे खरं. पण बसतो तेव्हा तो त्या संघाच्या घरातच, त्यांच्याच माणसांसमोर बसतो.

१९९८ मध्ये हार्वर्डचा संघ १६वं मानांकन घेऊन स्टॅनफर्डच्या घरी गेला आणि ७१-६७ असा जिंकून आला. सोळाव्याने पहिल्याला हरवण्याची ती पहिली वेळ. मुलांच्या स्पर्धेत तसं व्हायला २०१८ उजाडलं. त्या दिवशी हार्वर्डच्या ॲलिसन फीस्टरने ३५ गुण केले. स्टॅनफर्डच्या दोन प्रमुख मुली स्पर्धेच्या तोंडावर गुडघ्याने जायबंदी झाल्या होत्या, हेही सांगायला हवं, नाहीतर गोष्ट फार चमत्काराची होते. २०२३ मध्ये तर एकाच फेरीत दोन अव्वल मानांकित आपापल्या घरी पडले: स्टॅनफर्डला ओल मिसने ५४-४९ हरवलं, इंडियानाला मायामीने ७०-६८.

आणि आमच्या घरातली जखम आहे २० मार्च २०२२ची. आयोवाचं मानांकन दुसरं, समोर दहावं मानांकन मिळालेला क्रेटन. आयोवाच्याच कार्व्हर-हॉकआय अरीनात, सगळीकडे पिवळं-काळं. सामना अटीतटीचा चाललेला. बारा-तेरा सेकंद उरले असताना क्रेटनच्या लॉरेन जेन्सनने तीन गुणांच्या रेषेबाहेरून बॉल टाकला, तो गेला, आणि क्रेटन ६४-६२ जिंकलं. ही जेन्सन कोण? आदल्या वर्षीपर्यंत आयोवाकडूनच खेळणारी. पुरेशी संधी मिळेना म्हणून कॉलेज बदललं आणि वर्षभरात त्याच कोर्टवर परत येऊन जुन्या घराला कुलूप लावून गेली. मामेबहिणीने त्या रात्री मेसेज केला: "आपल्याच पोरीने मारलं गं." मग दोन दिवस तिचा फोन बंद.

चाळीस मिनिटं आणि ती शिट्टी

आता आईचा प्रश्न.

खेळ पाच विरुद्ध पाच. मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये दहा-दहा मिनिटांचे चार भाग असतात. मुलांच्या कॉलेजात अजून वीस-वीसचे दोन अर्ध आहेत. मुलींनी २०१५-१६च्या हंगामात चार भाग स्वीकारले आणि माझ्या मते खेळ सुधारला, कारण प्रत्येक भागात संघाच्या फाउलची मोजणी नव्याने सुरू होते. एका भागात पाचवा फाउल झाला की समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. मोजणी शून्यावर येत असल्यामुळे शेवटची दहा मिनिटं नुसती फ्री थ्रोची रांग होत नाही. बॉल मुलांच्यापेक्षा थोडा लहान असतो. बॉल हातात आला की ३० सेकंदांत टाकायचा. एका खेळाडूचे पाच फाउल झाले की ती उरलेल्या सामन्यातून बाद.

मी शाळेत असताना सिमेंटच्या कोर्टवर खेळायचे. सर सारखे ओरडायचे, "स्क्रीन लाव, स्क्रीन!" स्क्रीन म्हणजे काय, तर आपल्या नेमबाज मुलीच्या मागे लागलेल्या बचावपटूच्या वाटेत जाऊन खांबासारखं उभं राहायचं. बचाव करणारी त्या खांबाला धडकते किंवा वळसा घालते, आणि तेवढ्या अर्ध्या सेकंदात नेमबाज मोकळी होते. मंडईच्या गर्दीत आई पुढे जावी म्हणून मावशी वाटेत पिशव्या घेऊन उभी राहते, त्यातलाच प्रकार. अट एकच: खांबाने खांबासारखंच राहायचं. पाय साधारण खांद्याएवढे पसरलेले, अंग आपल्या जागेत. धडक व्हायच्या क्षणी तुम्ही एक पाऊल बाजूला सरकलात, कंबर पुढे काढली, कोपर बाहेर आलं, तर ते अडवणं नाही, ढकलणं झालं. मग फाउल तुमचा. तोही चाल करणाऱ्या संघाचा फाउल म्हणून बॉल थेट समोरच्यांना.

त्या सकाळी युकॉनची आलियाह एडवर्ड्स आयोवाच्या गॅबी मार्शलला स्क्रीन लावत होती. बॉल पेज ब्युकर्सपर्यंत पोचावा हा बेत. मार्शल धडकली. पंचांच्या नजरेत एडवर्ड्स सरकली होती. शिट्टी. आयोवा शेवटी ७१-६९ जिंकलं.

हलली होती का? मी ते दृश्य तीस-चाळीस वेळा पाहिलं आहे, आणि मी आयोवाची आहे हे ध्यानात ठेवून वाचा: हो, हलली होती. पण सामन्यात तोवर असं हलणं किती वेळा झालं असेल आणि किती वेळा शिट्टी वाजली नसेल? युकॉनचे प्रशिक्षक जेनो ऑरिएमा सामन्यानंतर बोलले त्याचा मथितार्थ असा होता की कुठलाही सामना एका चालीवर हरत किंवा जिंकत नाही, आणि असा फाउल शोधायचाच म्हटला तर दर चालीत सापडेल. मला दोन्ही वाक्यं पटतात. दोन्ही एकत्र घेतली की पंचांचं काम किती अवघड आहे ते दिसतं, आणि चाहत्याचा राग का शमत नाही तेही.

जुनी उधारी

मुलांच्या आणि मुलींच्या स्पर्धेत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा फरक मात्र मैदानाबाहेरचा आहे.

मुलांना त्यांच्या व्यावसायिक लीगच्या, एनबीएच्या, खेळाडू निवडीत वयाच्या १९व्या वर्षी उतरता येतं. त्यामुळे उत्तम खेळाडू कॉलेजात एक वर्ष काढतात आणि जातात. चाहत्याने नाव पाठ करेपर्यंत पोरगा गेलेला असतो. मुलींच्या व्यावसायिक लीगचा, डब्ल्यूएनबीएचा, नियम वेगळा: अमेरिकी कॉलेजातल्या मुलीने त्या वर्षी २२ पूर्ण करावे लागतात, किंवा पदवी हातात हवी. म्हणजे साधारण चार वर्षं ती कॉलेजातच खेळते. अन्याय म्हणा, आणि मुलींच्या खिशाच्या बाजूने तो आहेही. पण बघणाऱ्याच्या बाजूने हीच खरी गंमत आहे. तीच मुलगी दर मार्चमध्ये परत येते, एक वर्ष मोठी होऊन, मागच्या वर्षीचा हिशोब बरोबर घेऊन.

हा हिशोब कसा चालतो ते बघा. २०२३च्या उपांत्य सामन्यात आयोवाच्या केटलिन क्लार्कने साउथ कॅरोलायनाच्या रेव्हन जॉन्सनला मुद्दाम मोकळं सोडलं. हात झटकून दाखवलं की हिच्यावर बचाव करायची गरज नाही, टाकू दे. डावपेच म्हणून ते बरोबर होतं. साउथ कॅरोलायना तोवर हंगामात एकही सामना हरलं नव्हतं, आणि आयोवाने ७७-७३ असं हरवलं, क्लार्कचे ४१ गुण. पण ती हात झटकण्याची चित्रफीत जगभर फिरली. जॉन्सनच्या डोक्यात ती वर्षभर फिरत राहिली असणार.

दोन दिवसांनी अंतिम सामना. एलएसयूने, म्हणजे लुइझियाना स्टेट विद्यापीठाने, आयोवाला १०२-८५ लोळवलं आणि शेवटी त्यांच्या एंजल रीसने क्लार्ककडे बघत चेहऱ्यासमोर हात हलवला, मग अनामिकेकडे बोट दाखवलं: अंगठी इथे येणार. (विजेत्या संघाला तिथे अंगठ्या मिळतात.) चेहऱ्यासमोर हात हलवण्याची खूण त्याच स्पर्धेत आधी क्लार्कने केली होती. क्लार्क गोरी, रीस काळी. एकीचा तो आत्मविश्वास ठरला आणि दुसरीचा माज. मी आयोवाची असूनही सांगते, त्या आठवड्यात रीसवर जे लिहिलं गेलं ते वाचून लाज वाटली.

मग २०२४. उपांत्यपूर्व फेरीत पुन्हा आयोवा-एलएसयू. क्लार्कचे पुन्हा ४१, आयोवा ९४-८७. एक खातं मिटलं. मग युकॉन आणि ती शिट्टी. मग अंतिम सामन्यात समोर साउथ कॅरोलायना, पुन्हा एकही सामना न हरलेलं, आणि क्लार्कच्या अंगाला चिकटलेली रेव्हन जॉन्सन. इथे ८ एप्रिलच्या रात्रीचे साडेबारा वाजले होते. आयोवाने सुरुवातच १०-० अशी केली, क्लार्कने पहिल्या दहा मिनिटांत १८ गुण केले. मी आईला उठवलं. मग पहिला अर्ध संपता संपता जॉन्सनने क्लार्कच्या हातातून बॉल हिसकावला आणि पळत जाऊन बास्केट केली. मला तिथेच कळलं.

साउथ कॅरोलायना ८७-७५ जिंकलं. का जिंकलं हे एका आकड्यात आहे: त्यांच्या राखीव मुलींनी ३७ गुण केले, आयोवाच्या राखीव मुलींनी शून्य. त्यांच्या प्रशिक्षक डॉन स्टेली यांचा संघ म्हणजे दहा जणींचा संघ. एक दमली की तितक्याच ताकदीची दुसरी येते. आयोवाकडे पाच जणी होत्या आणि त्यातली एक अफाट होती. चाळीस मिनिटांच्या खेळात पाय जड होतात तेव्हा अफाट असण्यापेक्षा दहा असणं जास्त कामाला येतं.

तो सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच वर्षीचा मुलांचा अंतिम सामना सुमारे १ कोटी ४८ लाखांनी. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

आयोवाच का

लोक म्हणतात, क्लार्क आली आणि आयोवाला मुलींचं बास्केटबॉल कळलं. माझी मामेबहीण यावर भडकते. तिच्या शेजारच्या म्हाताऱ्या बाई पंच्याहत्तरीच्या आहेत आणि त्यांना झोन डिफेन्स माझ्यापेक्षा चांगला कळतो.

आयोवात मुलींचा एक वेगळाच खेळ होता, सहा विरुद्ध सहाचा. कोर्टच्या एका अर्धात आपल्या तीन आक्रमक मुली, दुसऱ्या अर्धात तीन बचावपटू, आणि मधली रेषा कोणी ओलांडायची नाही. बॉल हातात आला की फक्त दोन ड्रिबल, म्हणजे दोनदाच जमिनीवर टप्पा. मुलींना जास्त धावणं झेपणार नाही अशा जुन्या समजुतीतून हे नियम आले. पण शेतीवर जगणाऱ्या त्या राज्यातल्या लहान गावांनी तो खेळ डोक्यावर घेतला. १९२०पासून त्याची राज्य स्पर्धा भरायची, सभागृह ओसंडायचं, गावंच्या गावं रिकामी व्हायची. बाकी देशात मुलींना शाळेत खेळायला जागा मिळायची मारामार, तेव्हा आयोवात पोरी नायिका होत्या. बंधन म्हणून आलेली गोष्ट त्यांनी जत्रा करून टाकली. आयोवाच्या सध्याच्या प्रशिक्षक जॅन जेन्सन याच मातीतल्या. १९८७ मध्ये शाळेच्या शेवटच्या वर्षी त्यांची सरासरी सामन्याला ६६ गुणांची होती. दोन ड्रिबलमध्ये.

हा सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी आयोवा विद्यापीठाचा संघ पहिल्यांदा शेवटच्या चारांत पोचला, सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांच्या हाताखाली. त्यानंतर तिथे पोचायला थेट २०२३ उजाडलं. स्ट्रिंगर यांचं नाव या स्पर्धेच्या मुळाशीच आहे. एनसीएएची मुलींची पहिली स्पर्धा १९८२ची. अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या लहानशा कॉलेजला ७६-६२ हरवलं, आणि चेनीच्या प्रशिक्षक स्ट्रिंगर होत्या.

१९८२, म्हणजे तशी कालपरवाची गोष्ट. मुलांची स्पर्धा १९३९पासून चालू आहे. मधल्या काळात मुलींसाठी एआयएडब्ल्यू नावाची वेगळी संघटना होती, तिने १९७२ पासून स्पर्धा घेतल्या. १९७२मध्येच 'टायटल नाइन' हा कायदा आला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत लिंगावरून भेदभाव करायचा नाही. त्या वाक्यात खेळाचा उल्लेखही नाही, पण खेळ बदलला तो त्याने. मुलींच्या खेळात दम आहे हे दिसू लागल्यावर एनसीएएने स्वतःची स्पर्धा काढली आणि जुनी संघटना गुंडाळली गेली.

समान वागणूक मात्र आली नाही. २०२१ मध्ये कोविडमुळे मुलींचे सगळे सामने सॅन अँटोनिओ आणि आसपास खेळवले गेले. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सने फोनवर एक चित्रफीत काढली: मुलांसाठी हॉलभर व्यायामाची साधनं, आणि मुलींसाठी एका स्टँडवर ठेवलेले थोडेसे डंबेल. जागा नव्हती म्हणे. तिने कॅमेरा फिरवून शेजारची मोकळी जागा दाखवली. बस. त्यावरून चौकशी बसली आणि बाहेरच्या वकिलांनी अहवालात सांगितलं की मुलींच्या स्पर्धेची किंमतच कमी लावली गेली आहे. 'मार्च मॅडनेस' हे मुलांच्या स्पर्धेचं प्रसिद्ध नाव वापरायची मुभा मुलींच्या स्पर्धेला २०२२ मध्ये मिळाली. नाव! ६८ संघही तेव्हाच झाले. स्पर्धेत सामना जिंकला की गटाला पैसे, ही मुलांमध्ये जुनी असलेली पद्धत मुलींसाठी २०२५ मध्ये सुरू झाली.

पुण्यात बसून यावर नाक मुरडायचा मला अधिकार नाही. आपल्याकडे शिरीन लिमये हिने भारतीय महिला संघाचं नेतृत्व केलं, ती पुण्याची. रिक्षात, बँकेत, लग्नात विचारून बघा किती जणांना माहीत आहे.

बदललेला हिशोब

चार वर्षं तीच मुलगी परत येते म्हणाले, ते आता तितकंसं खरं राहिलेलं नाही. २०२१पासून कॉलेज बदलणाऱ्या खेळाडूला एक वर्ष बाकावर बसावं लागत नाही आणि खेळाडूंना जाहिरातीतून कमाईही करता येते. मुलींसाठी हे न्यायाचंच झालं, पैसे त्यांच्या घामाचे आहेत. चाहत्याची मात्र पंचाईत झाली आहे. स्पर्धा संपता संपता मामेबहिणीचे मेसेज सुरू होतात: "ही पण चालली." जी मुलगी मार्चमध्ये आमची होती ती नोव्हेंबरमध्ये कुठल्या रंगात दिसेल सांगता येत नाही.

२०२५ची स्पर्धा आयोवासाठी लवकर संपली, दुसऱ्या फेरीत ओक्लाहोमाकडून ९६-६२. आदल्या वर्षी क्लार्क गेली होती, अपेक्षा नव्हतीच. त्याच फेरीत यूएससीच्या जूजू वॉटकिन्सचा गुडघा गेला. ती जमिनीवर पडून कळवळत होती आणि मी फोन उलटा ठेवला. गुडघ्यातल्या लिगामेंटची ही दुखापत मुलींना मुलांपेक्षा जास्त होते, आणि भरायला बहुतेकदा वर्ष लागतं. युकॉनच्या ब्युकर्स आणि अझी फड दोघींनी ते वर्ष भोगलेलं. गुढीपाडव्याच्या रात्री, श्रीखंडाच्या गुंगीत, साउथ कॅरोलायनाने ड्यूकला ५४-५० असं कसंबसं हरवताना पाहिलं. आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी, पुन्हा रात्री साडेबाराला, अंतिम सामना.

आई या वेळी न उठवताच आली. चष्मा लावून बसली. तिला आता स्क्रीन कळतो, त्यामुळे बॉलकडे न बघता ती बॉलपासून लांबच्या मुलींकडे बघते, जे खरं तर बरोबर आहे. तिसऱ्या भागात युकॉनच्या एका मुलीने स्क्रीन लावला, धडक होताना अर्धं पाऊल सरकली, फडला मोकळी जागा मिळाली.

"हलली," आई म्हणाली.

"हलली," मी म्हटलं.

"शिट्टी नाही वाजली."

"नाही वाजत एवढ्यावर. दर वेळी वाजवली तर खेळ पुढे सरकणार नाही."

ती थोडा वेळ गप्प बसली. युकॉन वीसच्या घरात पुढे गेलं होतं.

"मग त्या दिवशी का वाजवली?"